तिरपी रेघ

मार्च महिना मला आवडतो, असं म्हटलं की स्टाफरूममधले सगळे माझ्याकडे संशयानं बघतात. मार्च म्हणजे परीक्षा, परीक्षा म्हणजे सुपरव्हिजन, आणि सुपरव्हिजन म्हणजे तीन तास उभं राहून पायांचे खांब करून घेणं. वर्गातला एक पंखा नुसता आवाज करतो, दुसरा तेवढाही करत नाही. खिडकीबाहेर आकुर्डीचं ऊन पत्र्यांवर तापत पडलेलं असतं आणि मुलं एकामागून एक पुरवण्या मागत असतात. तरीही गेल्या वर्षापासून मार्च लागला की मला जिंकल्यासारखं वाटतं. आज सकाळी सात नंबरच्या ब्लॉकमध्ये उत्तरपत्रिका वाटताना मी चक्क गुणगुणत होते. पहिल्या बाकावरच्या मुलीनं दचकून वर पाहिलं, तेव्हा गप्प बसले.

पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला की सुपरव्हायझरचं एक ठरलेलं काम असतं. रिकाम्या बाकापाशी जायचं, बैठक क्रमांक बघायचा आणि उपस्थिती पत्रकात त्या क्रमांकासमोर लाल शाईनं ‘गैरहजर’ लिहायचं. आज असे दोन बाक होते. मी सावकाश लिहिलं, अक्षरही नीट काढलं. हे काम मी नऊ वर्षं करते आहे. त्यातली आठ वर्षं हात लिहीत होता आणि डोकं घरी काय शिजवायचं याचा विचार करत होतं.

मी राज्यशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास, तितकी नोकरी. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, म्हणून नोंदणी केली. विषय घेतला सशस्त्र संघर्ष आणि डिजिटल दडपशाही. सरकारं ज्या भागात लढाई चालू आहे तिथलं इंटरनेट बंद करतात, फोन ऐकतात, लोकांनी टाकलेले फोटो पुसून टाकतात. त्यानं हिंसा कमी होते की वाढते, एवढाच माझा प्रश्न होता. आमच्या नातेवाइकांत त्याचा सारांश ‘पोरगी मोबाईलवर पीएचडी करते’ असा झाला. एका आत्यानं तर लग्नाच्या पंगतीत स्वतःच्या फोनची बॅटरी लवकर का उतरते, हे माझ्याकडून समजून घेण्याचा प्रयत्न केला.

विषय आम्हाला इथून लांबचा वाटतो, हे खरंच आहे. आमच्या कॉलनीत अर्धा तास नेटवर्क गेलं की माणसं गॅलरीत येऊन फोन आकाशाकडे धरतात. समोरचे काका खालूनच विचारतात, ‘तुमच्याकडं पण गेलं का?’ सगळ्यांचं गेलंय म्हटल्यावर त्यांना बरं वाटतं. मी ज्या जिल्ह्यांचा अभ्यास करत होते, तिथं ते महिना महिना जायचं. आणि ते कुणीतरी ठरवून घालवलेलं असायचं.

कामाची पद्धत अशी होती. वेगवेगळ्या देशांतले लढाईतले जिल्हे घ्यायचे. प्रत्येक जिल्ह्याच्या प्रत्येक आठवड्याला एक खाना. त्या आठवड्यात हल्ले, गोळीबार, जाळपोळ अशा किती घटना घडल्या, तो आकडा त्या खान्यात. शेजारी इंटरनेट चालू होतं की बंद. सहा वर्षं मी हे खाने भरले. शेवटी आलेख काढला, तर त्यातली रेघ जिथं जिथं इंटरनेट बंद व्हायचं तिथं तिथं छान खाली उतरत होती. मला असलं स्वच्छ उत्तर मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. मॅडमना, म्हणजे माझ्या गाईडना, मी तो आलेख दाखवला तेव्हा त्या पहिल्यांदाच मला चहा पिऊन जा म्हणाल्या. गेल्या वर्षीचा मार्च नुकताच लागला होता. शेवटची मुदतवाढ मेअखेर संपत होती. प्रबंध जवळपास तयार होता, आणि मी हवेत होते.

आता बाबांना आणावं लागेल. माझे वडील पंचवीस वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातून इकडे आले. कुरुळीच्या एका लहान कारखान्यात ते तपासणीच्या कामाला आहेत. तिथं गाड्यांना लागणारे लोखंडी बुश, म्हणजे छोट्या पोकळ नळ्या, बनतात. दर तासाला प्रत्येक मशीनवरचे पाच नग उचलायचे, गेजवर, म्हणजे मापाच्या उपकरणावर, मोजायचे आणि किती खराब निघाले ते तक्त्यात लिहायचं, हे त्यांचं काम. पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसनं ते घरी येतात तेव्हा अंगाला मशीनवरच्या कूलंटचा तेलकट, आंबूस वास असतो. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की मी उदबत्ती लावायचे, तीन तीन. आता तो वास आला की घर भरल्यासारखं वाटतं.

त्या रविवारी मी जमिनीवर तक्ते पसरून बसले होते. बाबा कलिंगड चिरत होते. फोड हातात घेऊन ते वाकून बघायला लागले आणि कागदावर रस सांडेल म्हणून मी ओरडले. त्यांनी फोड ताटलीत ठेवली, हात पुसले, आणि खाली बसले.

“हे एक एक खानं म्हंजी काय गं माय?”

“एक जिल्हा, एक आठवडा. त्यात किती घटना घडल्या, तो आकडा.”

“आन् हितं वळीनं सगळी शून्यंच कशी काय?”

“तेव्हा तिथलं इंटरनेट बंद होतं, बाबा. हिंसा थांबली. तेच तर मला सापडलंय.”

त्यांनी ती ओळ बोटानं शेवटपर्यंत वाचली. “मग त्या टायमाला मोजायलतं कोण?”

“बातम्यांवरून मोजतात. वेबसाइट, लोकांनी टाकलेले फोटो, व्हिडिओ.”

“ते कशावरून येतेत?”

“इंटरनेटवरून,” मी म्हणाले. माझा आवाज वाक्याच्या शेवटी जरा खाली गेला, ते मलाच ऐकू आलं.

“मग ही शून्यं न्हाईत. हितं तिरपी रेघ पाहिजे.”

त्यांच्या खात्याचा हा नियम मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण कान दिला नव्हता. नग मोजले आणि एकही खराब निघाला नाही, तर शून्य. काही कारणानं मोजलेच नाहीत, गेज दुरुस्तीला गेलं असेल, माणूस जागेवर नसेल, तर खान्यात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारायची आणि खाली सही करायची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाबांनी, रिकामा खाना वाईट दिसतो म्हणून, गेज जागेवर नसलेल्या तासांना शून्यं भरली होती. तो अख्खा माल पुढच्या कंपनीतून परत आला. तीन दिवस एकेक बुश पुन्हा मोजताना बोटांची कातडी गेली. “तवापासून मी शून्याला भेतो,” ते म्हणाले.

मी काय करायला हवं होतं ते आता कळतं. तेव्हा मी भडकले. “ही कंपनी नाही, बाबा. मोठमोठी माणसं असंच मोजतात,” असं काहीतरी बोलले. बुशची आणि माणसांची बरोबरी होत नाही, असंही बोलले. त्यांनी “बरं” म्हटलं आणि ते कलिंगडाच्या साली उचलून आत गेले. त्यांचं ते ‘बरं’ फार वाईट असतं. त्यात राग नसतो, त्यामुळे भांडणही पुढे नेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी माझं सुपरव्हिजन होतं. अर्धा तास झाला, मी लाल पेन काढला आणि एका रिकाम्या बाकापाशी गेले. क्रमांक बघितला. पत्रकावर पेन टेकवला आणि तशीच उभी राहिले. समजा या मुलीसमोर मी ‘गैरहजर’ न लिहिता शून्य गुण लिहिले असते, तर प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून झापलं असतं. ती आलीच नव्हती. तिला काय येतं, काय येत नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. एवढी साधी गोष्ट मी दर मार्चला लाल शाईनं लिहीत होते आणि घरी जाऊन माझ्या तक्त्यात शेकडो खाने शून्यानं भरत होते. त्या खान्यांत माणसं मेली होती. ती मेल्याचं सांगायला कुणाकडे फोन नव्हता, म्हणून मी त्यांना जिवंत धरलं होतं. आणि ज्यांनी फोन बंद केले, त्यांच्या बाजूनं उभं राहणारं एक देखणं उत्तर तयार केलं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी पुरवणी मागत होतं, ते दोनदा ओरडल्यावर ऐकू आलं.

पेपर संपल्यावर बस पकडून मी थेट मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “शेवटच्या प्रकरणात ‘अभ्यासाच्या मर्यादा’ म्हणून एक परिच्छेद घाल. माहिती अपुरी असू शकते, असं लिही आणि दे. सगळे तेच करतात. मेनंतर तुझी नोंदणी रद्द होईल, कळतंय ना?”

कळत होतं. नोंदणी गेली की सहा वर्षं गेली, आणि कायम होण्याचं स्वप्नही गेलं. तो परिच्छेद लिहायला मला वीस मिनिटं लागली असती. खोटं कशाला सांगू, त्या वीस मिनिटांचा मोह मला झाला.

“मॅडम, मर्यादा नाही ती. चूक आहे,” मी म्हणाले. “मी मेलेली माणसं जिवंत दाखवली आहेत.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अडीच महिन्यांत जमेल?”

“नाही जमलं तर पदवी जाईल.”

“ते मला माहीत आहे. जमेल का, ते विचारलं.”

“जमवते,” मी म्हणाले. माझ्या स्वभावात एक आडमुठेपणा आहे. आईला त्याचा आयुष्यभर त्रास झाला, त्या दिवशी तो कामाला आला.

घरी येताना पिंपरी कॅम्पात उतरून मी चार्ट पेपरची गुंडाळी घेतली. दुकानदाराला वाटलं शाळेचं प्रदर्शन आहे, त्यानं चकचकीत पट्टीही दाखवली. घरी बाबा चहा पीत बसले होते. मी गुंडाळी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “रेघा कशा मारायच्या ते दाखवा.” माफी वगैरे आमच्या घरात कुणी मागत नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि आपली स्टीलची पट्टी आणायला उठले.

मग तो उन्हाळा सुरू झाला. आठवला की आजही अंगात बळ येतं. सकाळी सुपरव्हिजन, दुपारी उत्तरपत्रिका, आणि साडेचारला बाबा आले की भिंतीवरचं काम. एकेका जिल्ह्याचा एक चार्ट, खोलीच्या चारी भिंतींवर. इंटरनेट बंद असलेला आठवडा मी वाचून दाखवायचे, बाबा पट्टी लावून रेघ मारायचे. सगळ्या रेघा एकाच कलानं, डाव्या कोपऱ्यातून वर उजवीकडे. एखादी जरा हलली तर स्वतःवरच चिडायचे. आई कपड्यांच्या घड्या घेऊन आत यायची आणि म्हणायची, “भितीला समद्या पट्ट्या बांधल्यात, जणू घर दवाखान्यातून आलंय.” एप्रिलच्या मध्यावर सगळ्या रेघा मारून झाल्या. मी दारात उभी राहून पाहिलं. माझं उत्तर भिंतीवर कुठंच उरलं नव्हतं. मी तिथंच बसून रडले. बाबा म्हणाले, “हे वाईट न्हाई. आता कुठं मोजायचं ऱ्हायलंय, ते तर दिसायलंय.”

ते बरोबर होतं. त्या रेघांनीच मला शोधायचं कुठं ते सांगितलं. फोन सुरू झाल्यावर महिन्यांनी आलेल्या बातम्या मी पुन्हा काढल्या आणि घटना कळली कधी हे सोडून घडली कधी, ती तारीख लावली. दवाखान्यांच्या नोंदवह्या, गावांनी मागाहून केलेल्या मृतांच्या याद्या, तिथल्या अभ्यासकांनी पाठवलेली कागदपत्रं, जे मिळेल ते मागितलं. शंभर जणांना पत्रं लिहिली, बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. ज्यांनी दिलं, त्यांतल्या काहींना ते देण्यात धोका होता. एकेक रेघ खोडली जाऊन तिथं आकडा बसायला लागला. ज्या रेघेला काहीच मिळालं नाही, ती तशीच ठेवली.

मे महिन्यात एका वहीची छायाचित्रं आली. एका दूरच्या देशातल्या लहान गावातली नर्स. देशाचं नाव मी लिहीत नाही, तशी तिची अट होती. चार महिने फोन बंद होते, त्या काळात ती रोज एका शाळेच्या वहीत लिहीत होती, आज किती जखमी आणले, किती मेलेले आणले. सोबत तिथल्या एका विद्यार्थ्यानं भाषांतर पाठवलं होतं. मधूनमधून काही पानांवर एकच वाक्य होतं, ‘आज मी दवाखान्यात नव्हते.’ बाकी पान कोरं. आणि एका पानावर, दोन भयंकर आठवड्यांच्या मध्ये, एक गोल होता. त्यापुढे लिहिलं होतं, ‘दिवसभर इथंच होते. कुणालाही आणलं नाही.’

मी बाबांना ते पान दाखवलं. त्यांनी त्या गोलावर बोट ठेवलं. “हे शून्य खरं हाय,” ते म्हणाले. मग मागची पानं पुन्हा उलटून बघितली. “ही बाई आमच्याच खात्यातली दिसायली.”

मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. हसता हसता डोळे भरून आले होते. जगाच्या त्या टोकाला एक बाई गोळीबारात बसून जे पाळत होती, तेच माझ्या बापानं पंचवीस वर्षं कुरुळीत पाळलं होतं. दोघांना कुणी शाबासकी दिली नव्हती.

नवा आलेख मी मेच्या शेवटच्या आठवड्यात काढला. जिथं कुणीतरी मोजत होतं, तिथं रेघ खाली उतरतच नव्हती. इंटरनेट बंद झाल्यावर माणसं मरायची थांबली नव्हती, बऱ्याच ठिकाणी जास्त मरत होती. फक्त बाहेर कळत नव्हतं. हे उत्तर देखणं नव्हतं. त्यात मध्ये मध्ये तिरप्या रेघांची भोकं होती. पण ते मी कुणाच्याही डोळ्यांत बघून सांगू शकत होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद व्हायला पाऊण तास असताना, मी प्रबंध टेबलावर ठेवला. क्लार्कनं शिक्का मारला आणि शेजारच्या माणसाशी क्रिकेटबद्दल बोलत राहिला. मला मात्र वाटलं, त्या शिक्क्याचा आवाज पिंपरी कॅम्पापर्यंत गेला असेल.

व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, या फेब्रुवारीत झाली. ती सगळ्यांसाठी खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. बाबा अर्धी सुट्टी टाकून थेट कंपनीतून आले. कंपनीचा निळसर शर्ट, खिशाला पेन. शेवटच्या ओळीत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. तासभर त्यांनी मला उभं-आडवं पिंजलं आणि मी एकही पाऊल मागं घेतलं नाही. शेवटी त्यांनी तक्त्याचं पान उघडलं.

“या तिरप्या रेघा. माहिती नाही आणि घटना नाही, यांतला हा फरक तुम्ही शेवटपर्यंत सोडलेला नाही. अख्खा प्रबंध यावर उभा आहे. ही पद्धत कुठून घेतलीत? संदर्भसूचीत दिसत नाही.”

“कुरुळीतून, सर,” मी म्हणाले. “संदर्भ शेवटच्या ओळीत बसलेत.”

सगळ्या माना मागे वळल्या. आपल्या हातून काही चुकलं असं वाटून बाबा उठून उभे राहिले. परीक्षकांनी त्यांना विचारलं, हे काय आहे. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “मोजलं नसंल तर शून्य लिहू नये, साहेब. एवढंच हाय.”

परीक्षकांनी फाईल मिटली आणि म्हणाले, “माझे प्रश्न संपले.” मॅडमनी रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला. मी जिंकले होते, आणि ते मला सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं. बाहेर आल्यावर सांगितलंही, चहावाल्यालासुद्धा.

आज सुपरव्हिजन आटोपून संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा प्रबंधाची माझी प्रत मांडीवर घेऊन बसले होते. इतके दिवस त्यांनी तिला हात लावला नव्हता, हात तेलकट असतात म्हणायचे. आज अंघोळ करून, चष्मा लावून बसले होते. अर्पणपत्रिकेवर त्यांचंच नाव आहे, ते पान त्यांनी सरळ उलटलं. तक्ते काढले आणि रेघा बघायला लागले. प्रत्येक रेघेवर बोट, मग पुढची. त्या नर्सच्या जिल्ह्याशी जरा जास्त वेळ थांबले. तिला मी प्रबंध छापून झाल्यावर कळवलं होतं. तिचं उत्तर आलं होतं, आता फोन लागतो, एवढंच. ते मी त्यांना पुन्हा एकदा सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा तक्ता घेतला.

सगळं तपासायला तासभर गेला. मग ते शेवटच्या तक्त्याच्या पायाशी थांबले. कारखान्यात तिथं तपासणाऱ्याची सही असते.

“हितं कुणाचीच सही न्हाई,” ते म्हणाले.

“नाही. करता?”

त्यांनी हात पुढे केला. पर्समधून मी हाताला आला तो पेन काढून दिला, सकाळचाच, गैरहजर लिहिलेला. त्यांनी टोक बघितलं आणि परत दिला.

“लाल न्हाई, माय. लाल रिजेक्शनला असतो. निळा दे.”